पाषाणावर कोरलेली जहाजे

जुने गोवे येथे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेल्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९६४ मध्ये वस्तुसंग्रहालय सुरू केले. प्रवेशद्वाराशी आल्बुकेर्कचा ब्राँझचा भव्य पुतळा आहे, तर वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांची व्यक्तिचित्रे ओळीने लावलेली आहेत. गोव्याच्या सागरी इतिहासाचा आरंभ १५१० मध्येच झाला, अशी समजूत करून घेऊन प्रेक्षक बाहेर पडला तर नवल नाही. ती समजूत दूर करणारा पुरावा त्याच वास्तूत आहे. तो म्हणजे कदंबकालीन वीरगळ.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खाली वीराला आलेले मरण, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गास नेत आहेत असे दृश्य, आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेक वीरगळांवर खालच्या चौकटीत घोडेस्वार, पदाती किंवा गोधन दिसते. येथील काही शिळांवर मात्र तेथे जहाज आहे, वल्हेकरी आहेत, शस्त्रे उगारलेले योद्धे आहेत. मुंबईजवळ बोरिवलीतील एकसर येथेही असे वीरगळ असून काही अभ्यासक त्यांचा संबंध यादव महादेव व शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी जोडतात.

कदंबांची राजधानी गोपकपट्टण जुवारीच्या काठी, आजच्या थोरल्या गोव्याच्या परिसरात होती. (थोरले गोवे आणि जुने गोवे ही दोन निराळी स्थळे होत, पाहुण्यांची येथे हमखास गफलत होते.) पहिल्या जयकेशीच्या १०५३ च्या ताम्रपटात, सोमनाथाच्या यात्रेस निघालेल्या गुहल्लदेवाच्या जहाजाची डोलकाठी मोडल्याची आणि एका अरब व्यापाऱ्याने त्यास साहाय्य केल्याची हकीकत आली आहे. राजाच समुद्रमार्गे यात्रेस निघतो, त्या राज्यातील वीरगळांवर जहाजे दिसावीत हे स्वाभाविकच होय.

तथापि शिल्प म्हणजे जहाजाचा नकाशा नव्हे. शिल्पकाराने माणसे मोठी आणि जहाज लहान कोरले आहे. वल्ही मोजून जहाजाची लांबी ठरविणे धाडसाचे ठरेल. बांधणीचा प्रत्यक्ष पुरावा समुद्राच्या तळाशीच शोधावा लागतो, आणि तोही जपून वाचावा लागतो. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सेंट जॉर्ज खडकाजवळ बुडालेल्या जहाजावरील मंगळुरी कौले मिळाली. त्यांवर १८६५ हे वर्ष आहे. पण ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष; जहाज त्यानंतर बुडाले, एवढेच त्यावरून म्हणता येते.

वीरगळांना आणखी एक धोका आहे. कोकणात व गोव्यात पुष्कळ वीरगळ देवळाच्या आवारात वा झाडाखाली उभे असतात. जीर्णोद्धाराच्या वेळी ते हलविले जातात, त्यांवर तैलरंग चढतो, क्वचित ते पायऱ्यांतही बसविले जातात. शिल्प टिकले तरी लढाई कोणत्या खाडीकाठची, हे सांगणारी जागा नाहीशी होते. म्हणून ग्रामस्थांनी अशी शिळा हलविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्यास कळवावे. निदान तिची मूळ जागा, तिचे तोंड कोणत्या दिशेस होते ते, आणि एक छायाचित्र ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावे.