ट्रॅक्टरची थरथर : आधी कारण, मग दुरुस्ती

देऊळघाटहून मलकापूरकडे माल न्यायचा तर राजूर घाट उतरावा लागतो. भरलेल्या ट्रॉलीसह घाटात चाक निखळले तर जिवावर बेतते. म्हणून शेतकरी बंधूंनी ट्रॅक्टरची थरथर हंगामापूर्वीच तपासावी. थरथर केव्हा होते, हे प्रथम पाहावे.

१) उभ्या ट्रॅक्टरमध्ये, न्यूट्रलवर रेस वाढविताना : इंजिनाचे माउंटिंग बोल्ट व नोझल तपासून घ्यावेत.

२) फक्त चालताना : चाकांचे नट आवळावेत, टायरमधील हवा पाहावी. नंतर इंजिन बंद करून, मागील चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे व हाताने हलवावे. वर-खाली हलल्यास बेअरिंग किंवा किंगपिन, केवळ आडवे हलल्यास टाय रॉड एंड झिजलेला असण्याची शक्यता असते.

३) फक्त रोटाव्हेटर चालविताना : तुटलेली पाती व शाफ्टचे क्रॉस पाहावेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असावेत. इंजिन बंद केल्याशिवाय शाफ्टला हात लावू नये.

मिस्त्री निवडताना

थरथर केव्हा होते हे विचारणारा, स्वतः ट्रॅक्टर चालवून पाहणारा व खोलण्यापूर्वी खर्चाचा अंदाज सांगणारा मिस्त्री निवडावा. झिजलेला भाग त्याने दाखवावा. जुने भाग व पक्के बिल मागून घ्यावे. कारण न सांगता एकदम चार भाग बदलण्यास सांगितल्यास दुसऱ्या जाणकाराचा सल्ला घ्यावा. दुरुस्तीनंतर प्रथम रिकामी ट्रॉली जोडून सपाट रस्त्यावर चाचणी घ्यावी, मगच घाटात उतरावे.