कॉन्टॅक्ट लेन्स : घालण्याआधी काढण्याचा धडा

चेन्नईतील वातानुकूलित शाखेतून भर दुपारी बाहेर पाऊल टाकले की चष्मा वापरणाऱ्याच्या दृष्टीवर क्षणभर पडदा पडतो. आतल्या गारव्याने थंड झालेल्या काचांवर बाहेरच्या दमट हवेतील बाष्प साचते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. घामाने चष्मा नाकावरून घसरतो. हेल्मेट चढवताना त्याच्या काड्या कानाला टोचतात. महाराष्ट्रातून बदलीवर तेथे गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या मनात कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार डोकावतो तो अशाच वेळी. मात्र पाठोपाठ दोन शंका उभ्या राहतात. आपल्याच डोळ्याला आपले बोट कसे लावायचे? आणि आत गेलेली लेन्स बाहेर आलीच नाही तर?

या दोन्ही शंका स्वाभाविक आहेत आणि दोहोंचे उत्तर एकच आहे : लेन्स वापरणे ही शिकण्याची गोष्ट आहे. ती शिकताना घालण्यापेक्षा काढण्याला, आणि हातांच्या चपळाईपेक्षा हातांच्या स्वच्छतेला अधिक महत्त्व आहे.

नेत्रसेवेची जुनी परंपरा

हा धडा गिरवण्यास चेन्नईसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. एग्मोर येथील शासकीय नेत्ररुग्णालयाची परंपरा १८१९ साली स्थापन झालेल्या मद्रास नेत्रचिकित्सालयापर्यंत मागे जाते. डॉ. एस. एस. बद्रिनाथ यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या शंकर नेत्रालयाचे नाव तर देशभर परिचित आहे. मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांचे नेत्रोपचार. १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत त्यांनी धन्वंतरी महालात उपचारांची व्यवस्था केली. त्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

काचेपासून मऊ लेन्सपर्यंत

डोळ्यावर प्रत्यक्ष बसणारी काचेची लेन्स अडॉल्फ फिक यांनी १८८८ मध्ये झुरिच येथे तयार केली. ती डोळ्याचा पांढरा भागही झाकत असे आणि फार वेळ सहन होत नसे. पाणी शोषून मऊ राहणाऱ्या लेन्सचे श्रेय झेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांच्याकडे जाते. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरातील मुलांच्या यांत्रिक खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून पहिले यंत्र बनवले. १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला मान्यता मिळाली आणि तिचा प्रसार झाला. नवशिक्यांना आज प्रामुख्याने अशीच मऊ लेन्स दिली जाते. पुढील माहिती तिच्याविषयीच आहे.

बुबुळावरील पारदर्शक पटलाला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. आवश्यक प्राणवायू त्याला मुख्यतः अश्रूंतून व हवेतून मिळतो. लेन्स याच पटलावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते. म्हणूनच चष्म्याच्या नंबराचा कागद दाखवून परस्पर लेन्स विकत घेऊ नये. लेन्सची वक्रता व व्यास डोळ्याला जुळावे लागतात आणि मोठा नंबर असल्यास लेन्सचा नंबर चष्म्याहून वेगळा येतो. तपासणीनंतर प्रशिक्षकासमोर स्वतःच्या हाताने घालता व काढता आल्याखेरीज लेन्स घरी नेऊ नये. पहिल्या दिवशी न जमल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

तयारी

नखे कापलेली असावीत. दिवसभर नोटा मोजणाऱ्या, संगणकाच्या कळा दाबणाऱ्या आणि कुलपे उघडणाऱ्या बोटांवर काय काय असते, हे बँकेतील माणसाला सांगावयास नको. साध्या साबणाने हात नीट धुवावेत आणि धागे न सुटणाऱ्या स्वच्छ रुमालाने पूर्ण कोरडे करावेत. ओल्या बोटाला लेन्स चिकटून राहते, शिवाय नळाच्या पाण्याचा अंश तिच्यावर जातो. मिरची चिरल्यानंतर किंवा कपाळाला बाम चोळल्यानंतर तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

टेबलावर स्वच्छ कापड पसरून त्यावर आरसा ठेवावा. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे लेन्सची अदलाबदल होत नाही. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून बाजूने पाहावी. काठ सरळ वर आलेला, वाटीसारखा आकार दिसला तर ती सुलट. काठ बाहेर वळून बशीसारखी दिसली तर उलट. शंका राहिल्यास चिमटीत हलकेच दाबावी. सुलट लेन्सचे काठ करंजीप्रमाणे आत मिटतात. लेन्स फाटलेली किंवा काठाला तुटलेली असेल तर ती टाकून द्यावी.

घालताना

त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी खाली ओढावी. दुसऱ्या हाताने वरची पापणी केसांच्या मुळाशी धरून वर घ्यावी. बोट जवळ येताच पापणी मिटणे हे डोळ्याचे उपजत संरक्षण आहे. वरची पापणी घट्ट धरली की ते आवरते. दुसरा डोळाही उघडा ठेवून आरशात सरळ पाहावे आणि लेन्स अलगद टेकवावी. ती बसल्यावर बोट मागे घ्यावे, खाली पाहावे आणि पापण्या हळूहळू सोडाव्यात. चटकन सोडल्यास लेन्स निसटते. किंचित जाणीव होणे साहजिक आहे. टोचणे मात्र साहजिक नाही. टोचल्यास लेन्स काढावी, द्रावणाने धुवावी आणि पुन्हा घालावी.

काढताना

पुन्हा हात धुवून कोरडे करावेत. दुसरा डोळा झाकून, लेन्स खरोखर जागेवर असल्याची आधी खात्री करावी. लेन्स पडून गेलेली असताना चिमटा घेतला, तर तो थेट कॉर्नियाला बसतो आणि ओरखडा उमटतो. मग वर पाहावे, खालची पापणी ओढावी, तर्जनीने लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर खाली सरकवावी आणि अंगठा व तर्जनी यांच्या मांसल भागांनी हलकेच चिमटीत उचलावी. नख लागता कामा नये.

लेन्स डोळ्याच्या मागे जाईल, ही भीती निराधार आहे. पापणीचे आतील अस्तर मागे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागालाच जोडलेले असल्याने तिकडे जाण्यास वाट नसते. लेन्स कोरडी होऊन चिकटली असेल, तर लेन्सवर चालणारे ओलावा देणारे थेंब घालावेत, काही मिनिटे थांबावे, पापण्यांची उघडझाप करावी आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. बळजोरी करू नये. तरीही न निघाल्यास डॉक्टरांकडे जावे.

पाणी आणि झोप : दोन शत्रू

नळाचे, विहिरीचे, टँकरचे किंवा बाटलीतील पिण्याचे, कोणतेही पाणी लेन्सला लावू नये. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा कॉर्नियाला झालेला संसर्ग अतिशय वेदनादायक आणि बरा होण्यास चिवट असतो. त्यात दृष्टीही जाऊ शकते. अंघोळ, पोहणे आणि मरिना किनाऱ्यावरील लाटांत भिजणे यापूर्वी लेन्स काढून ठेवावी. ती ओली करण्यास थुंकी लावणे तर सर्वथा वर्ज्य. लेन्स घालून झोपल्यास संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मग ती दुपारची डुलकी असो वा रात्रीच्या रेल्वे प्रवासातील झोप.

रोज टाकून द्यावयाच्या लेन्स पुन्हा वापरू नयेत. महिनाभर चालणारी लेन्स काढल्यावर तळहातावर द्रावण घेऊन बोटाने चोळावी, धुवावी आणि डबीत ताज्या द्रावणात बुडवून ठेवावी. कालच्या द्रावणात आजची भर घालू नये. सकाळी डबी रिकामी करून द्रावणाने विसळावी, स्वच्छ कागदी रुमालाने पुसून उघडी पालथी ठेवावी आणि निदान तीन महिन्यांनी बदलावी.

सुरुवातीस दिवसातून थोडेच तास लेन्स घालून, सांगितल्याप्रमाणे वेळ वाढवावी. संगणकावर काम करताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि वातानुकूलन यंत्राचा झोत लेन्स कोरडी करतो. म्हणून आठवणीने पापण्या मिटाव्यात. काजळ किंवा इतर प्रसाधने लेन्स घातल्यानंतर लावावीत. 'मद्रास आय' या नावाने ओळखली जाणारी डोळ्यांची साथ आली आणि डोळा लाल झाला, तर लेन्स बंद ठेवावी. लाली, वेदना, प्रकाश सहन न होणे किंवा धूसर दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास लेन्स तत्काळ काढावी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे आणि सोबत लेन्स व डबीही न्यावी. घरातील जुने थेंब परस्पर घालू नयेत. अशा दिवसांसाठी योग्य नंबरचा चष्मा नेहमी जवळ असावा. लेन्स आली म्हणून चष्म्याला कायमचा निरोप देता येत नाही.

पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे घेणारे हे काम सरावाने दोन मिनिटांचे होते. धोका नेमका तेव्हाच सुरू होतो, कारण सवय झाली की हात धुण्याचा कंटाळा येतो. बँकेत वर्षानुवर्षे काम केलेला रोखपालही दिवसअखेर रोकड जुळल्याखेरीज तिजोरी बंद करीत नाही. त्याचप्रमाणे दोन्ही लेन्स डबीत आल्याखेरीज रात्रीचा दिवा मालवू नये. रोकड चुकली तर भरून काढता येते. दृष्टीची भरपाई करणारे खाते मात्र कोणत्याही बँकेत उघडता येत नाही.