घरातले वन्य आणि विदेशी प्राणी : हौस, कायदा आणि जबाबदारी

गाय, बैल, शेळी, कुत्रा यांनी माणसाच्या अंगणात वस्ती केली, त्याला हजारो वर्षे लोटली. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सहवासात वाढल्या आणि त्यांचे स्वभावही त्याप्रमाणे घडत गेले. अशा प्राण्यांनाच खऱ्या अर्थाने पाळीव म्हणता येते. पाळीव असणे आणि पिंजऱ्यात असणे या दोन भिन्न गोष्टी होत. रानातून आणलेला पोपट दहा वर्षे पिंजऱ्यात राहिला, चार शब्द बोलू लागला, तरी तो वन्य पक्षीच राहतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे अनेक सुशिक्षित कुटुंबे नकळत कायद्याचा भंग करीत असतात.

खेड्यापाड्यांत पडवीला टांगलेला पोपट आणि घरात बरकत यावी म्हणून ठेवलेले कासव हे नेहमीचे दृश्य आहे. शहरांत त्यांच्या जोडीला मकाव, करडा आफ्रिकी पोपट, इग्वाना सरडा, बॉल पायथन जातीचा अजगर आणि काचेच्या टाकीतील विदेशी कासवे आली आहेत. या दोन्ही प्रकारांना लागू होणारे नियम वेगवेगळे असून त्यांची माहिती शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

पकडणे हीसुद्धा शिकार

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. प्राण्याला ठार मारणे एवढाच तो नाही. प्राणी पकडणे, त्याला फासात अडकविणे, पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणे किंवा घरट्यांना उपद्रव देणे याही गोष्टी शिकारीत मोडतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात झाडाच्या ढोलीतून पोपटाची पिल्ले काढणारा मुलगा म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने शिकार करीत असतो. आपल्याकडील सर्व जातींचे पोपट अधिनियमाच्या अनुसूचींत समाविष्ट आहेत. त्यांची खरेदी, विक्री व पालन यांस मनाई आहे.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव राजस्थान, गुजरात आणि दक्षिण भारतातील कोरड्या माळरानांत आढळते. त्याच्या चोरट्या व्यापाराचे प्रमाण इतके वाढले, की २०१९ मध्ये सायटेस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा अंतर्भाव करण्यात आला. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

विदेशी प्राण्यांची नोंदणी

सायटेस करार १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. तथापि देशात आधीच असलेल्या विदेशी प्राण्यांविषयी मूळ अधिनियमात स्पष्ट तरतूद नव्हती. ही उणीव २०२२ च्या दुरुस्तीने भरून काढली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. सायटेसच्या परिशिष्टांतील जातींची आता स्वतंत्र चौथी अनुसूची आहे. या जातीचा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची माहिती देऊन नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वीपासून प्राणी बाळगणाऱ्यांस सहा महिन्यांची मुदत देण्यात आली होती. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावयाचा आहे. प्राण्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही नोंद आवश्यक आहे. मकाव, करडा आफ्रिकी पोपट, इग्वाना व बॉल पायथन या जातींना ही तरतूद लागू होते.

अनुसूचीत नसलेल्या विदेशी जातींना अशी नोंदणी लागत नाही. परंतु एवढ्यावरून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत.

प्राण्याची गरज आणि माणसाचे आरोग्य

लाल कानशिलाचे कासव हे याचे ठळक उदाहरण होय. मूळचे अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातील हे कासव विकत घेताना तळहातावर मावते. पुढे त्याची लांबी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते. मुलाच्या हट्टासाठी घेतलेला प्राणी मूल मोठे होऊन नोकरीला लागले तरी घरातच असतो. मग टाकी अपुरी पडते, पाण्याला दुर्गंधी सुटते आणि कोणीतरी तो ‘भूतदयेने’ जवळच्या तळ्यात सोडून देतो.

आरोग्याचा प्रश्नही दुर्लक्षण्याजोगा नाही. कासवांच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांपासून गंभीर अतिसार होतो. याच कारणास्तव अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पोपटांपासून फुप्फुसाचा दाह करणारा पोपटज्वर होतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांमुळे या रोगाची साथ युरोप-अमेरिकेत पसरली होती.

शंखी गोगलगाईचा धडा

विदेशी प्राणी मोकळा सोडल्यास काय घडते, याचे उत्तर मराठवाड्यातील शेतकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. पूर्व आफ्रिकेतील शंखी गोगलगाय मॉरिशसमार्गे भारतात आली ती १८४७ मध्ये. विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने तिचे मोजके जिवंत नमुने कलकत्त्यास आणले व ते चौरंगीतील एका बागेत सोडण्यात आले. एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालणारी ही गोगलगाय पुढे देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत तिने उगवत्या सोयाबीनचा फडशा पाडला आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. एका माणसाची हौस पावणेदोनशे वर्षांनंतर हजारो शेतकऱ्यांना भोवली.

लाल कानशिलाचे कासवही जगातील शंभर अत्यंत उपद्रवी विदेशी जातींच्या यादीत आहे. ते स्थानिक कासवांचे अन्न व ऊन घेण्याच्या जागा बळकावते. केरळमध्ये त्रिशूरजवळ ते नैसर्गिक जलप्रवाहात आढळले आहे. अशा उपद्रवी जातींची आयात, व्यापार व पालन यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनास २०२२ च्या दुरुस्तीने मिळाला आहे.

गावपातळीवर काय करता येईल

कारवाईपेक्षा प्रबोधन अधिक फलदायी ठरते. त्याचा आरंभ शाळेपासून व्हावा. शाळेच्या व्हरांड्यात पोपटाचा पिंजरा असेल, तर पर्यावरणाच्या धड्याला अर्थ उरत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना झाडावरचे घरटे दुरून पाहावयास, त्याची नोंद ठेवावयास शिकवावे.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता कायदा, २००२ अन्वये जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावच्या तळ्यात वा विहिरीत अनोळखी कासव अथवा मासा आढळल्यास समितीने लोकजैवविविधता नोंदवहीत त्याची नोंद घेऊन वन विभागास कळवावे.

ज्या घरी वन्य पक्षी वा कासव आहे, त्यांनी ते परस्पर सोडून देऊ नये. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसते. अन्न शोधण्याची सवय त्याला उरलेली नसते. तो जवळच्या वनक्षेत्रपालांकडे सुपूर्द करावा किंवा वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर माहिती द्यावी. विदेशी प्राणी तर कोणत्याही परिस्थितीत नदीत, तळ्यात वा रानात सोडू नये. त्याचा सांभाळ करावा अथवा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य व्यक्तीकडे तो सोपवून, लागू असल्यास तशी नोंद करावी.

प्राण्यांविषयीचे प्रेम हा मोलाचा संस्कार आहे. परंतु ज्याला आभाळ हवे त्याला पिंजरा देणे आणि ज्याचे घर सातासमुद्रापलीकडे आहे त्याला आपल्या तळ्यात सोडणे, यांपैकी कशालाच भूतदया म्हणता येणार नाही. हा विवेक घराघरांत पोहोचविणे हे शिक्षक व पंचायत यांचेच काम आहे.