मृत्युदराचा आकडा कसा वाचावा?

बँकेत नोकरी करीत असल्यामुळे आकड्यांशी आमचा रोजचाच संबंध. नुसती सरासरी पाहिली तर आकडा पुष्कळ काही लपवितो, हा आमचा अनुभव आहे. मृत्युदराचेही तसेच आहे.

प्रथम मृत्युदर म्हणजे काय ते पाहू. एखाद्या वस्तीतील मृत्यूंच्या संख्येस तेथील लोकसंख्येने भागून १००० ने गुणले की दर हजारी मृत्युदर मिळतो. ५००० वस्तीत १०० मृत्यू झाले, तर दर २०.

आता एक खरे उदाहरण घेऊ. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत शिरली. जुनी माणसे तिला 'मानमोडी' म्हणत. पावसाळ्यानंतर तिने उग्र रूप धारण केले. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. या साथीचा मुंबईतील दर हजारी मृत्युदर असा होता: युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि सरकारी नोंदीत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले, त्यांचा ६१.६! म्हणजे दर सोळा माणसांमागे जवळजवळ एक मृत्यू. सवर्णांच्या तिपटीहून अधिक, तर युरोपियनांच्या सातपटीहून अधिक.

शहर तेच, हवा तीच, रोगही तोच. मग फरक कशाचा? हा रोग श्वासावाटे पसरतो. एका अंधाऱ्या खोलीत सात-आठ माणसे राहात असतील, तर आजाऱ्याला वेगळे ठेवणार कोठे? त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता व धान्य महागले होते. उपाशी शरीरात न्यूमोनिया लवकर बळावतो. रोगाला जात नसते. पण खोली, अन्न, पाणी आणि दवाखान्याचा दरवाजा यांना त्या काळी जात होती.

म्हणूनच आपल्या कोल्हापूर संस्थानात १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी जो हुकूम काढला, त्याचे मोल मोठे आहे. सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रुग्णांना इतरांप्रमाणेच वागवावे, असा तो हुकूम होता. औषधाइतकाच तोही प्राण वाचविणारा होता, असे आम्ही मानतो.

तेव्हा यापुढे मृत्युदराचा आकडा वाचनात आला, की दोन प्रश्न अवश्य विचारा: हा दर किती लोकांमागे आहे? आणि त्यांत मेले ते कोण? पहिल्याचे उत्तर गणित देते. दुसऱ्याचे उत्तर शोधणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.