डांबरी रस्त्याचे वार्धक्य

डांबरी रस्ता नवा असताना काळाभोर व तुळतुळीत दिसतो. काही वर्षांनी त्याचा रंग करडा होतो, पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात आणि पावसाचे पाणी त्यांतून आत शिरले की खड्डे पडू लागतात. पेडण्यापासून काणकोणापर्यंत हे दृश्य कोणासही अपरिचित नाही. वाहनांची वर्दळ व पाऊस ही त्याची कारणे आहेतच; परंतु आणखी एक कारण डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे डांबराचे वार्धक्य. त्याचाच येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

व्यवहारात आपण ज्यास डांबर म्हणतो, ते बिट्युमेन म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर तळाशी उरणारा पदार्थ होय. त्यात तेलकट, राळेसारखे आणि अस्फाल्टीन नावाचे जड असे घटक असतात. तेलकट घटक त्यास मऊ ठेवतात, अस्फाल्टीन कठीणपणा देतात. तापविलेल्या खडीवर डांबराचा पातळ थर चढतो, तेव्हाच काही हलके घटक उडून जातात व हवेतील प्राणवायू डांबराशी संयोग पावतो. पुढे रस्त्यावर हीच क्रिया मंदगतीने वर्षानुवर्षे चालू राहते. अस्फाल्टीनचे प्रमाण वाढते आणि डांबर ठिसूळ होते.

इतकी वर्षे वाट कोण पाहणार? म्हणून प्रयोगशाळेत डांबर फिरत्या बाटल्यांत १६३ अंश सेल्सियसला ८५ मिनिटे तापवितात. नंतर दाबपात्रात सुमारे १०० अंशांवर, वातावरणाच्या वीसपट दाबाच्या हवेत २० तास ठेवतात. अशा रीतीने अनेक वर्षांचे वार्धक्य दोन दिवसांत पाहावयास मिळते.

आता टाकाऊ प्लास्टिकाकडे वळू. मदुराई येथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लास्टिकाचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकून तिला त्याचा लेप देण्याची पद्धत विकसित केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या लेपामुळे डांबर खडीस घट्ट धरून राहते व पाणी सहजासहजी मध्ये शिरत नाही. दुसऱ्या पद्धतीत प्लास्टिक डांबरातच मिसळतात. परंतु पॉलिथीन डांबराहून हलके असल्यामुळे मिश्रण साठविल्यास ते वर तरंगू लागते. जुन्या टायरांचा चुरा डांबरातील तेल शोषून फुगतो. त्यातील काजळी व प्राणवायुरोधक द्रव्ये वार्धक्याचा वेग काहीसा कमी करतात.

तथापि पॉलिमरही अजरामर नाही. उष्णता व प्राणवायू यांमुळे त्याच्या लांब साखळ्या तुटतात. एकीकडे डांबर कठीण होते, दुसरीकडे काही लवचीक पॉलिमर तुटून मऊ होतात. दोन्ही परिणाम परस्परांस झाकतात. कठीणपणा मोजला तर फारसा बदल दिसत नाही, पण ताण सोडल्यावर मूळ स्थितीत येण्याची शक्ती मात्र गेलेली असते. म्हणून केवळ एका कसोटीवर विसंबणे योग्य नव्हे.

शिवाय प्रत्येक प्लास्टिक या कामास चालत नाही. पीव्हीसी तापविल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो व तो कामगारांस अपायकारक असतो. तेव्हा, विद्यार्थीमित्रहो, कचरा निवडून वेगळा ठेवणे ही घरातील क्षुल्लक बाब नव्हे. रस्त्याचे आयुष्य आणि तो बांधणाऱ्यांचे आरोग्य या दोहोंचा आरंभ तेथूनच होतो.