रोज जाणारी, रोज परतणारी : पंचवटी एक्स्प्रेस



काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एका लहान विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, माझे बाबा रोज पंचवटीने मुंबईला कामाला जातात. एवढ्या लांब रोज जाण्यापेक्षा ते तिथेच का राहत नाहीत?" प्रश्न साधा होता; पण त्याच्या उत्तरात भूगोल, विज्ञान, अर्थशास्त्र आणि इतिहास हे चारही विषय सामावलेले आहेत.

पंचवटी एक्स्प्रेस १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झाली. १ नोव्हेंबर २०२५ रोजी तिला ५० वर्षे पूर्ण झाली. पहाटे मनमाडहून निघून लासलगाव, निफाड करीत ती सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते आणि कार्यालये उघडण्याच्या वेळेस मुंबई गाठते. संध्याकाळी सहानंतर ती पुन्हा नाशिककडे निघते. मासिक पास काढून तिने नित्य प्रवास करणारे अनेक कर्मचारी आहेत. दरवर्षी तिचा वाढदिवस साजरा करणारे हे प्रवासी तिला आपल्या घरातलीच मानतात.

हे लोक मुंबईत का राहत नाहीत?

मुंबईत काम मिळते, परंतु घर परवडत नाही. तेथील भाडे भरल्यावर पगारातून मुलांच्या शिक्षणासाठी फारसे काही उरत नाही. नाशिकला स्वतःचे छोटे घर असते, वृद्ध आई-वडील असतात. म्हणून माणूस पैशांऐवजी आपला वेळ खर्च करतो. हा खर्च किती, ते आपण मोजू. नाशिकरोड ते मुंबई अंतर सुमारे १८८ किलोमीटर, जाऊन-येऊन ३७६. महिन्याचे २५ दिवस धरले तर ९,४०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे तुमच्यापैकी कोणाचे वडील या गाडीने जात असतील, तर ते सव्वाचार महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणेएवढे अंतर कापतात. दिवसाचे सुमारे सात तास गाडीत जातात, ते वेगळेच.

गाडी घाट कशी चढते?

नाशिक पठारावर आणि मुंबई समुद्रकाठी आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे. मुंबईची लोकल कसाऱ्यापर्यंत येते. तेथून इगतपुरी १४-१५ किलोमीटर आहे, पण तेवढ्यात सुमारे ३०० मीटर चढावे लागते. या थळ घाटात काही ठिकाणी चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. पायी चालणाऱ्याला तो किरकोळ वाटेल. रेल्वेला तो अतिशय कठीण आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर कमी घर्षणाने फिरते, म्हणूनच सपाटीवर थोड्या शक्तीत प्रचंड वजन ओढले जाते. परंतु चढावर हाच गुण दोष ठरतो, कारण चाकाला पुरेशी पकड मिळत नाही आणि ते जागीच फिरू लागते. यावर उपाय म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. घाट संपला की इगतपुरीला बँकर सुटतात. अलीकडे काही गाड्यांना दोन्ही टोकांस इंजिन असते. उतरताना प्रश्न उलटा असतो. तेव्हा गाडीला आवरावे लागते, म्हणून घाटात ब्रेकला सर्वाधिक महत्त्व.

हा मार्ग कोणी बांधला?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. थळ घाटातील मार्ग १८६५ साली खुला झाला. पुस्तकांत अभियंत्यांची नावे आढळतात. ज्यांनी डोंगर फोडला, बोगदे खोदले, खडी वाहिली, त्या हजारो मजुरांची नावे आढळत नाहीत. त्यांत आपले पूर्वजही होते.

याच मार्गावरील मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथे सांगितले. अस्पृश्य माणूस रेल्वेत आयुष्यभर गँगमनच राहतो. स्टेशन मास्तर हमालाकडून घरकामही करून घेतो, म्हणून त्याला साधी हमालाची जागाही मिळत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. रूळ सांभाळणारा हात चालत होता, पण त्याच हाताचे पाणी चालत नव्हते!

माझे आजोबा गँगमन होते. गाडी निघून गेल्यावर शेवटचा डबा वळणाआड होईपर्यंत ते पाहत राहत आणि "गेली नीट" एवढेच म्हणत. आत बसलेल्यांपैकी कोणी त्यांना ओळखत नव्हते. तरीही त्या सर्वांचे प्राण त्यांच्या हातोड्यावर अवलंबून होते.

आज पंचवटीच्या एकाच डब्यात अधिकारी आणि शिपाई शेजारी बसतात. शेजाऱ्याची जात विचारून कोणी जागा बदलत नाही. हे आपोआप घडलेले नाही. त्यामागे राज्यघटना आहे, शिक्षण आहे आणि मनमाडसारख्या परिषदा आहेत.

तेव्हा मुलांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा दोन गोष्टी करा. कामावरून थकून आलेल्या आई-वडिलांनी आज किती किलोमीटर प्रवास केला, ते विचारा आणि वहीत लिहा. आणि गाडीच्या खिडकीतून रुळाकडेला उभा असलेला कामगार दिसला, तर त्याला हात करा. ज्याची नोंद इतिहासाने घेतली नाही, त्याची नोंद आता तुम्ही घ्यायची आहे.