शाळेतील मॉडेम व आकाशातील वीज

आपल्या जिल्ह्यात वळवाचा पाऊस वैशाख-ज्येष्ठात येतो आणि परतीचा आश्विनात. विजांचा कडकडाट याच दोन हंगामांत अधिक. श्रावणातील पाऊस त्या मानाने शांत. शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उन्हाळ्याची व दिवाळीची सुटीही साधारणतः याच सुमारास पडते. शाळेला कुलूप लागते आणि इंटरनेटचे मॉडेम आत तसेच चालू राहते.

अहोरात्र चालल्याने मॉडेम बिघडते असे नव्हे. ते त्याच कामासाठी घडविलेले असते. भय आहे ते त्याला जोडलेल्या तारांचे. वीज शाळेवरच पडावी लागते असे नाही. काही अंतरावरील खांबाजवळ ती कोसळली तरी तारांत क्षणभर फार मोठा दाब उत्पन्न होतो. मॉडेमला एकीकडून वीजपुरवठ्याची व दुसरीकडून दूरध्वनीची तांब्याची तार जोडलेली असते. एकीतून आलेला दाब दुसरीतून जमिनीकडे वाट शोधतो, आणि ती वाट मॉडेमच्या नाजूक भागांतून जाते. काचतंतूची जोडणी असल्यास, काच वीजवाहक नसल्यामुळे, त्या बाजूचे भय पुष्कळ कमी होते. वीजपुरवठ्याची बाजू मात्र उरतेच.

बटन बंद केले म्हणजे झाले, असा समज सर्वत्र आढळतो. बटन बहुधा फेजची एकच तार तोडते, आणि तीही काही मिलिमीटरांनी. ढगापासून भूमीपर्यंत काही किलोमीटर हवा भेदून येणाऱ्या विजेला एवढे अंतर काय अडविणार? म्हणून प्लगच भिंतीतून उपसून ठेवावा; दूरध्वनीची व संगणकाकडे जाणारी तारही काढावी. जुनी मंडळी आभाळ भरून आले की रेडिओची एरियल काढून ठेवीत, ती सवय भाबडेपणाची नव्हती.

सर्ज प्रोटेक्टर बसविलेला असला तरी तो जादा दाब अर्थिंगकडे वळवितो. अर्थिंगच कोरडे पडले असेल तर त्याचा आधार थोडा. पाटोद्याकडील मुरमाड जमीन काय किंवा गोदाकाठची भेगाळलेली काळी जमीन काय, मे महिन्यात दोन्ही सुकलेल्या असतात. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

हे सारे ढग जमण्यापूर्वी करावयाचे. गडगडाट ऐकू आल्यावर तारांना हात लावू नये, आणि विद्यार्थ्याला तर त्या कामी कदापि पाठवू नये. यंत्र दुसरे मिळते.

चौथी-पाचवीच्या मुलांना वर्गात बसूनच एक हिशेब करावयास द्यावा. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंतचे सेकंद मोजून 3 ने भागले की अंतर किलोमीटरमध्ये निघते. हे अंतर 10 किलोमीटर वा त्याहून कमी भरले तर कोणासही मैदानात जाऊ देऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप भ्रमणध्वनीवर विजेची पूर्वसूचना देते. शाळेचे मॉडेम बंद असले तरी भ्रमणध्वनीच्या जाळ्यावर ते चालते.

सुटीच्या आदल्या दिवशी खिडक्या लावताना, पोषण आहाराची कोठी पाहताना, ज्यांच्याकडे किल्ली राहणार असेल त्यांनीच प्लग स्वतः काढावा.